कर्ल अडतंय कुठे? टर्मिनलवरच्या वेब रिक्वेस्टची झडती

(कॅमेऱ्याकडे बघून. मागे टर्मिनलची काळी खिडकी उघडी.)

नमस्कार मंडळी! इंदूरहून, रामबागेतल्या याच टेबलावरून, आज कर्ल घेऊन बसू या, म्हणजे टर्मिनलवरून वेब पत्त्याला मागणी पाठवून उत्तर दाखवणारी कमांड. डॅनिएल स्टेनबर्ग या स्वीडिश प्रोग्रॅमरनं 1998 साली या नावानं ती कमांड बाहेर आणली. मॅकमध्ये ती असते, बहुतेक लिनक्समध्ये असते आणि 2018 पासून विंडोज 10 मध्येही आयती मिळते. चालवायची कशी, ते तुम्हाला येतं असं धरून चालतो. चालत नाही तेव्हा बघायचं काय, एवढंच आज बोलायचंय.

"सर्व्हर डाउन आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकतो, आणि बहुतेक वेळा सर्व्हर बिचारा धडधाकट असतो.

एंटर दाबल्यावर आधी नावावरून आयपी पत्ता, म्हणजे त्या मशीनचा आकडी पत्ता, शोधला जातो. मग त्या पत्त्यावर कनेक्शन लागतं. एचटीटीपीएस असेल तर टीएलएसची, म्हणजे कनेक्शन सुरक्षित करायची, बोलणी होतात. आणि मग कुठे तुमची मागणी सर्व्हरच्या हातात पडते. यातल्या कुठल्या पायरीवर गाडी थांबली ते आधी ठरवा, दुरुस्तीला हात नंतर. तुम्हाला 404 ("हे पान इथे नाही" असं सांगणारा सर्व्हरचा आकडा) मिळाला, म्हणजे या सगळ्या पायऱ्या पार पडल्या आणि समोरच्यानं नीट उत्तर दिलं. तरी लोक वायफाय बंद-चालू करत बसतात! कशाला?

पायरी कळणार कशी? कर्लच्या एररमध्ये कंसात एक आकडा असतो. तो वाचा. 6 असेल तर नावच सापडलं नाही: स्पेलिंग बघा, मग डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बघा, मोबाइलचं हॉटस्पॉट लावून एकदा चालवून बघा. 60 म्हणजे सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर, त्याच्या ओळखपत्रावर, कर्लचा विश्वास बसत नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

7 आणि 28 यांच्यात मात्र लोक हमखास गोंधळतात, म्हणून इथे जरा थांबू.

(स्क्रीनवर: लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन, आणि पोर्ट, म्हणजे त्याचं दार, क्रमांक 3000.)

हे बघा, एंटर दाबलं आणि क्षणात उत्तर: कनेक्शन रिफ्यूज्ड, कंसात 7. क्षणात नकार आला, म्हणजे बहुतेक वेळा मशीन जागं आहे, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. तुमचा प्रोग्रॅम सुरूच झाला नसेल, किंवा तो 8000 वर बसलाय आणि तुम्ही 3000 वर हाका मारताय. 28 हा टाइमआउट. तिथे नकारही येत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो. असं झालं की मी आधी फायरवॉलकडे, नेटवर्कच्या पहारेकरणीकडे, बघतो, कारण आलेलं डेटाचं पाकीट (पॅकेट) गुपचूप टाकून द्यायची सवय तिलाच असते. क्लाउडवर नवं मशीन घेतलं आणि पोर्ट उघडायचं राहिलं, की हेच होतं. आणि कर्ल कनेक्शनसाठी मुळात 300 सेकंद वाट बघतं बरं का, पूर्ण 5 मिनिटं! एवढा वेळ कुणाकडे आहे? डॅश डॅश कनेक्ट-टाइमआउट 5 असं लावून टाका.

आता डॅश व्ही. म्हणजे व्हर्बोज. माझ्या मते निम्मी तपासणी या एका अक्षरात होते, आणि तरी लोक ते वापरत नाहीत, कारण स्क्रीन भरून मजकूर येतो आणि भीती वाटते.

(कर्ल डॅश व्ही, एचटीटीपीएस एक्झाम्पल डॉट कॉम. हे डोमेन उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, बिनधास्त वापरा.)

प्रत्येक ओळीचं पहिलं चिन्ह बघा. चांदणी असेल तर कर्ल स्वतःशी बोलतंय: पत्ता सापडला, कनेक्ट झालो, टीएलएस 1.3 ठरलं. उजवीकडे तोंड केलेला बाण म्हणजे आपण काय पाठवलं. डावीकडे तोंड केलेला म्हणजे तिकडून काय आलं. बस. पहिल्यांदा फक्त उजवे बाण वाचा. आपण पाठवलं असं आपल्याला वाटतं ते, आणि खरोखर गेलं ते, यांत फरक निघतो.

नेहमीचं उदाहरण. तुम्ही डॅश डी (डेटा पाठवायचा पर्याय) लावून जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) पाठवलं, तिकडून 415 (हा प्रकार चालत नाही) आला, नाहीतर 400 (मागणीच चुकीची). उजव्या बाणांत कंटेंट-टाइप हे हेडर, म्हणजे मागणीवरची माहितीची ओळ, शोधा. तिथे लिहिलेलं दिसेल: एक्स-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-फॉर्म-यूआरएलएनकोडेड. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर डॅश डी हेच हेडर लावतं. म्हणजे आत जेसन आणि वर चिठ्ठी फॉर्मची. डॅश एच लावून हेडर स्वतः लिहा, किंवा कर्ल 7.82 किंवा त्यापुढचं असेल तर सरळ डॅश डॅश जेसन वापरा. ती सोय 2022 मध्ये आली.

दुसरं. पत्ता नुसत्या एचटीटीपीचा लिहिला, सर्व्हरनं 301 (पत्ता बदललाय) देऊन एचटीटीपीएसकडे धाडलं. कर्ल आपणहून त्या नव्या पत्त्याकडे जात नाही, त्याला डॅश मोठा एल सांगावा लागतो. तो सांगितला, आणि 301 किंवा 302 च्या वाटेवर तुमच्या पोस्टचं (डेटा पाठवायची मागणी) गेट (नुसतं वाचायची मागणी) होऊन बसलं! डेटा गळाला, 405 (ही पद्धत इथे चालत नाही) आला, आणि तुम्ही म्हणताय मी तर पोस्टच केलं होतं. पत्त्यात पहिल्यापासून एचटीटीपीएस लिहा, भानगडच नको. 307 आणि 308 मध्ये पोस्ट पोस्टच राहतं, पण समोरचा कुठला आकडा देईल ते आपल्या हातात नाही.

आता एक गंमत. माझा भाचा इथे इंदूरच्या भंवरकुव्याला क्लासला जातो, त्याचा परवा फोन. "मामा, मी तीन पॅरामीटर पाठवतोय, तिकडे एकच पोचतोय." म्हटलं, कमांड वाचून दाखव. पत्त्याला अवतरणचिन्हं नव्हती! आणि पत्त्यात अँडचं चिन्ह (&) होतं. लिनक्सच्या शेलला, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, ते दिसलं की तो तिथेच कमांड तोडतो आणि ती पडद्यामागे (बॅकग्राउंडला) चालायला सोडतो. उरलेलं कर्लपर्यंत पोचतच नाही. तो तासभर एपीआयचं डॉक्युमेंटेशन वाचत होता, भिया! पत्ता नेहमी अवतरणात घाला. पण विंडोजच्या सीएमडीमध्ये एकेरी अवतरण चालत नाही, दुहेरी लागतं. आणि पॉवरशेल 5.1 मध्ये तर कर्ल म्हणून जे चालतं ते कर्लच नसतं, दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव असतं. तिथे कर्ल डॉट ईएक्सई असं पूर्ण नाव लिहा.

मराठी पाठवणाऱ्यांसाठी हे खास. शहर म्हणून "इंदूर" असं देवनागरीत पत्त्यात टाकलंत तर ते एनकोड व्हायला हवं. इंदूरमध्ये युनिकोडची 5 चिन्हं आहेत: इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार, र. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे 15 बाइट, आणि दर बाइटला टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, म्हणजे पत्त्यात 45 अक्षरं. हे हातानं कोण करणार? डॅश मोठा जी आणि डॅश डॅश डेटा-यूआरएलएनकोड लावा, कर्ल करून देतं. "न्यू पलासिया" या वस्तीच्या नावातली मोकळी जागाही तेच सांभाळतं. नाहीतर जागा तशीच ठेवून पत्ता अवतरणात दिलात, तर कर्ल पत्ताच नाकारतं, कंसात 3.

"ब्राउझरमध्ये उघडतंय, टर्मिनलमध्ये नाही." ही तक्रार खरी असू शकते. ब्राउझरकडे तुमच्या कुकीज आहेत, लॉगिन आहे. कर्ल कोरं जातं, म्हणून 401 (आधी ओळख पटवा) मिळतो. प्रॉक्सीचंही, म्हणजे मधल्या दलाल-सर्व्हरचंही, तसंच. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर ब्राउझरमध्ये प्रॉक्सी भरलेली असते, टर्मिनलला तिचा पत्ता नसतो. एन्व्हायरन्मेंटमध्ये (शेलच्या सेटिंगमध्ये) ती द्यायची तर एचटीटीपी-अंडरस्कोअर-प्रॉक्सी हे नाव लहान (स्मॉल) लिपीतच लिहा, या एका नावाची मोठी लिपी कर्ल जाणूनबुजून मानत नाही.

आणि तो 60. बऱ्याचदा सर्व्हरनं मधलं (इंटरमीडिएट) सर्टिफिकेट, म्हणजे त्याच्या सर्टिफिकेटला विश्वासू संस्थेशी जोडणारा दुवा, पाठवलेलंच नसतं. ब्राउझर ते कुठून तरी मिळवून निभावून नेतो, कर्ल सहसा तसं करत नाही. ही चूक सर्व्हरवाल्याची, त्याला कळवा. पण आधी स्वतःच्या मशीनची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपचा सेल गेला की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि सर्टिफिकेट "अजून लागूच झालेलं नाही" असं कर्ल सांगतं. डॅश के लावून तपासणी बंद करू नका. एकदा निदानासाठी ठीक आहे, पण ते के स्क्रिप्टमध्ये राहून जातं आणि मग वर्षानुवर्षं कुणी काढत नाही.

उत्तर येतंय पण रडतखडत, तर डॅश डब्ल्यू. त्यात टाइम-नेमलुकअप, टाइम-कनेक्ट, टाइम-ॲपकनेक्ट, टाइम-स्टार्टट्रान्सफर मागा. सगळे आकडे सुरुवातीपासून मोजलेले असतात, म्हणून टीएलएसचा वेळ हवा असेल तर ॲपकनेक्टमधून कनेक्ट वजा करा. लिनक्सवर नेमलुकअपच जर 5 सेकंदांच्या किंचित वर दिसला, तर सर्व्हरला शिव्या देऊ नका. यादीतल्या पहिल्या डीएनएसनं उत्तर दिलं नाही, आणि लिनक्सनं ठरल्याप्रमाणे 5 सेकंद थांबून पुढच्याला विचारलं, असं समजा.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनो, 404 आला तरी कर्लचा एक्झिट कोड (संपताना ते शेलला सांगतं तो आकडा, शून्य म्हणजे यश) शून्यच असतो, कारण उत्तर तर मिळालं! 400 आणि त्यावरच्या आकड्यांना अपयश धरायचं असेल तर डॅश एफ लावा, मग 22 मिळेल.

अडलात तर मला डॅश व्हीचा सगळा मजकूर पाठवा, नुसता फोटोचा तुकडा नको. पण ऑथरायझेशन आणि कुकीच्या ओळी आधी पुसा. टोकन (त्या ओळींतली तुमची गुप्त किल्ली) चुकून कुठल्या ग्रुपवर गेलंच असेल, तर मेसेज डिलीट करून भागत नाही. ते टोकन रद्द करा, नवं काढा, आणि मग माझ्याकडे या.