बेटावर बिऱ्हाड

[दृश्य: ओहोटीचा किनारा. वाळूत अर्धं बुजलेलं लोखंडी झाकण.]

या झाकणावरून लोक रोज ये-जा करतात, पण थांबून कुणी बघत नाही. खाली काँक्रीटची एक छोटी खोली आहे. समुद्राच्या तळावरून आलेली केबल इथे जमिनीवरच्या केबलला जोडली जाते. खोल पाण्यात तिची जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर असते आणि आत केसाइतके बारीक काचतंतू असतात. किनाऱ्याजवळ मात्र नांगरांची आणि मासेमारीच्या जाळ्यांची भीती, म्हणून तिथे तिच्यावर पोलादी तारांचं वेष्टण चढवलेलं असतं. बेटावर बसून कुणी दुसऱ्या खंडातल्या ऑफिसचं काम करतो, तेव्हा त्याची नोकरी याच झाकणाखालून जाते.

[दृश्य: विमानतळ, पासपोर्टवर उमटणारा शिक्का.]

लॅपटॉप घेऊन उष्ण कटिबंधातल्या बेटावर राहायला जायचं, हा विचार २०२० नंतर पुष्कळांच्या मनात आला आणि काही देशांनी तो मनावर घेतला. बार्बाडोसने त्याच वर्षी १२ महिन्यांचा खास परवाना सुरू केला. त्याची एक अट अशी, की वर्षाला किमान ५० हजार अमेरिकी डॉलर कमवू असं लिहून द्यायचं. मॉरिशसने वर्षभराचा व्हिसा काढला, त्यासाठी महिन्याला १,५०० डॉलरची मिळकत दाखवावी लागते. इंडोनेशियानेही पुढे, बाहेरच्या कंपनीसाठी काम करणाऱ्यांना वेगळा व्हिसा दिला.

दारं उघडली, हे चांगलंच झालं. पण बेटावर प्रत्येक गोष्ट मोजकी असते. ती एखाद-दुसऱ्या वाटेने येते आणि त्याच वाटेवर तिथल्या माणसांचंही आयुष्य चाललेलं असतं. बिऱ्हाड हलवण्याआधी या वाटा माहीत करून घ्यायला हव्यात, असं मला फार वाटतं.

[दृश्य: नकाशा. प्रशांत महासागरातले टोंगा आणि फिजी हे बेटांचे देश, त्यांच्यामधला समुद्र.]

१५ जानेवारी २०२२. टोंगाजवळच्या समुद्रात ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि टोंगाला फिजीमार्गे जगाशी जोडणारी एकुलती एक केबल तुटली. लाखभर लोकवस्तीचा देश जवळजवळ एका क्षणात मुका झाला. परदेशातल्या नातलगांनी पाठवलेल्या पैशांवर तिथली असंख्य घरं चालतात. ते पैसेही अडकले. दुरुस्तीच्या जहाजाने मुख्य बेटाची केबल जोडेपर्यंत सुमारे पाच आठवडे गेले. देशाच्या आतली, दूरच्या बेटांना जोडणारी केबल पूर्ववत व्हायला तर दीड वर्षाच्या आसपास लागलं.

एवढा उद्रेक रोज होत नाही. पण जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे ठिकाणी केबल बिघडतात, आणि त्यातल्या बहुतेक वेळा कारण असतं मासेमारी किंवा जहाजाचा नांगर. म्हणून इंटरनेटचा वेग किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की या बेटावर केबल किती येतात? दोन वेगळ्या दिशांनी येत असतील तर एक तुटली तरी काम चालतं. एकच असेल, तर उपग्रहाची सोय हाताशी हवी. त्यातही फरक आहे. जुन्या पद्धतीचा उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. बोललेला शब्द जाऊन उत्तर परत यायला अर्धा सेकंद सहज लागतो आणि मीटिंगमध्ये दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या नव्या उपग्रहांमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

[दृश्य: बालीतली रात्र. खिडकीत एक दिवा.]

घड्याळाचा हिशोब मात्र कुठलाच उपग्रह बदलू शकत नाही. लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा बालीत, उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे, दुपारचे चार किंवा पाच वाजलेले असतात. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने सहा-साडेसहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे कामाला बसल्यावर तास-दोन तासांत अंधार, आणि लॅपटॉप मिटेपर्यंत मध्यरात्र उलटलेली. संध्याकाळच्या समुद्राची स्वप्नं बघून आलेल्या माणसाच्या वाट्याला इथे सकाळ येते. ती सुंदर असते, पण त्यासाठी झोप, जेवण, मैत्री, सगळंच नव्याने बसवावं लागतं. बार्बाडोसला याच्या उलट: लंडनच्या वेळेने काम करणारा पहाटे चार-पाचला उठतो आणि दुपारी मोकळा होतो.

[दृश्य: चार्जरचं टोक, अगदी जवळून. तांब्यावर हिरवट थर.]

हे बघा. खारं वारं असं काम करतं. आधी चार्जर अधूनमधून दगा देतो, मग बिजागऱ्या गंजतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, कॅमेऱ्याच्या भिंगात आत जाळी पसरते. समुद्रापासून थोडं आत, उंचावर घर घेतलं तर वस्तू जास्त टिकतात. वीजही विचारात घ्यावी. अनेक लहान बेटांवर ती बोटीने आलेल्या डिझेलवर तयार होते, त्यामुळे महाग असते आणि जातेही. राऊटरपुरती बॅटरी घरात असलीच पाहिजे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पर्यटक व्हिसावर काम करणं बऱ्याच देशांत नियमात बसत नाही. वर्षात १८३ दिवस हा आकडा अनेक देशांच्या करकायद्यात आहे. तेवढं राहिलात की तुम्ही तिथले करदाते ठरू शकता. मालक कंपनीची लेखी परवानगी आधीच घ्या, कारण कराचे प्रश्न तिलाही पडतात. आणि विमा घेताना, मोठ्या रुग्णालयापर्यंत विमानाने नेण्याचा खर्च त्यात आहे ना, हे वाचून घ्या. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो. तुम्ही टेबलाशी बसलेले असता, नेमक्या तेव्हाच.

[दृश्य: विहीर. पोहरा वर येतो.]

आता पाणी. सखल बेटाखाली गोडं पाणी साठतं ते खाऱ्या पाण्यावर तरंगत. पाऊस जमिनीत मुरतो, आणि खारं पाणी जरा जड असल्यामुळे गोडं पाणी भिंगाच्या आकारात त्याच्यावर राहतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं, असा ढोबळ नियम आहे. त्याची दुसरी बाजू बघा. उपसा वाढून वरची पातळी हातभर खाली गेली, की खालून खारं पाणी कितीतरी पटींनी वर सरकतं. आणि एकदा विहीर खारट झाली की ती गोडी व्हायला अनेक पावसाळे जातात. दक्षिण बालीत विहिरींमध्ये खारं पाणी शिरू लागलं आहे. खाजगी तरणतलाव भरतो तोही याच पाण्याने.

[दृश्य: भातखाचरं. पाटातून वाहणारं पाणी. मागे बांधकाम.]

बालीचे शेतकरी हजार वर्षांहून अधिक काळ पाणी वाटून घेत आले आहेत. त्या व्यवस्थेला सुबाक म्हणतात. कुणाच्या खाचरात कधी पाणी सोडायचं हे शेतकरी एकत्र बसून, पाण्याच्या देवळांच्या साक्षीने ठरवतात. २०१२ मध्ये युनेस्कोने या भूदृश्याला जागतिक वारशात स्थान दिलं. चांगूसारख्या भागात आता या खाचरांवर व्हिला उभे राहिले आहेत. मध्येच एखादं कुंपण आलं की पाट तुटतो आणि खालच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही. मग तोही कंटाळून जमीन भाड्याने देतो. डॉलरमध्ये पगार घेणारा माणूस वर्षाचं भाडं एकरकमी मोजतो, आणि गावातल्या शिक्षिकेला, परिचारिकेला परवडणाऱ्या घरासाठी कामापासून लांब जावं लागतं.

याचा अर्थ कुणी जाऊच नये, असा नाही. आधीपासून उभं असलेलं घर, स्थानिक मालकाकडून, लांब मुदतीने घेता येतं. तरणतलाव नसलेलं निवडता येतं. आणि करारावर सही करण्याआधी घराच्या मागच्या बाजूला जाऊन यावं. पाट असेल तर त्यात पाणी वाहतंय का ते बघावं, आणि ते पुढे कुणाच्या शेतात जातं, हे शेजाऱ्याला विचारावं.