चाळीस फेऱ्या

मिरज स्टेशनबाहेर पहाटेपासून रिक्षावाल्यांचा एकच प्रश्न, "कुठला दवाखाना?" १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं रुग्णालय उभारलं. आज कर्नाटकातूनही माणसं उपचाराला इथं उतरतात.

हे आबा शिराळ्याकडचे. हयात गुऱ्हाळावर, चुलवाणात चिपाडं सारण्यात गेली. जोडीला विडी. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात कॅन्सरची गाठ आहे. गाठ काढता येईल. पण उरलेल्या फुप्फुसावर आबांचं भागेल का, ते आधी बघायचं.

"फुंका आबा! अजून, अजून, अजून!"

पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा अपेक्षेच्या ६५ टक्के भरली. आता कागदावरचा हिशेब. दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ भाग धरतात, उजवीकडे १०, डावीकडे ९. आबांचे ३ जाणार, १६ राहणार. ६५ गुणिले १६ भागिले १९, साधारण ५५. हवेतला वायू रक्तात किती उतरतो, त्याचाही हिशेब असाच मांडतात. दोन्ही आकडे ६० च्या वर असते तर पुढची परीक्षा टळली असती. ३० च्या खाली गेले असते, तर तोंडाला मास्क लावून सायकल मारायची मोठी तपासणी.

आबांची परीक्षा मधली. व्हरांड्यात दोन शंकू, १० मीटरची फेरी. स्पीकरमधून बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं. दर मिनिटाला बीपची घाई वाढते. बोटाला ऑक्सिमीटर, डोक्यावर टोपी.

पहिल्या मिनिटात तीनच फेऱ्या, शेताच्या बांधावरून चालावं तशा. पाचव्या मिनिटाला बोलणं बंद. ४०० मीटर झाले की धोका कमी समजतात, म्हणजे ४० फेऱ्या.

छत्तीस... सदतीस...

लागलं काय? दोन शंकू, एक स्पीकर आणि मोजणारी ताई. तालुक्याच्या दवाखान्यातही व्हरांडा असतोच की.

बेचाळीस. आबा भिंतीला टेकले.

मग विडी बंद, आणि तीन चेंडूंचं यंत्र हातात. फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. आबांना हे कळायला दोन दिवस लागले.

ऑपरेशननंतर कुणाला न्यूमोनिया होतो, कुणाच्या फुप्फुसातून हवा गळत राहते, कुणाला व्हेंटिलेटर लागतो. आबांची छातीतली नळी चौथ्या दिवशी निघाली.

शिराळा. ओसरीवर नातू गाल फुगवून यंत्रात फुंकतोय.

"फुकायचं न्हाई रं. आत वढायचं."