शून्याच्या आसपास

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लोफोटेन बेटांवरचा सूर्य क्षितिजाखाली जातो, तो जानेवारीतच पुन्हा दिसतो. पण हा अंधार काळाकुट्ट नसतो. भरदुपारी काही तास आभाळ गडद निळं होतं आणि त्या निळाईत बंदरातल्या लाल लाकडी घरांच्या खिडक्या पिवळ्या उजळतात.

नॉर्वेची ही बेटं ६८ अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर आहेत. सैबेरियातलं वर्खोयान्स्क जवळपास याच अक्षांशावर. तिथं जानेवारीचं सरासरी तापमान उणे ४५ अंशांच्या घरात असतं. इथं मात्र पारा शून्याजवळच घुटमळतो, समुद्र गोठत नाही. अटलांटिकमधून वर येणारा उबदार प्रवाह आणि त्याच्यावरून वाहणारे नैर्ऋत्येचे वारे, ही त्यांची करणी.

हेच वारे वादळंही घेऊन येतात. सकाळी हिमवर्षाव, दुपारी पाऊस, आणि होड्या बंदरात दोरांना हिसके देत अडकलेल्या.

तरी दर्यावर जावंच लागतं. जानेवारी ते एप्रिल हा कॉडचा हंगाम. बॅरेंट्स समुद्रातून हे मासे अंडी घालायला इथं खाली येतात. मुंडकी काढून, पोट साफ करून, दोन-दोन मासे शेपटीला बांधून लाकडी मांडवांवर सुकायला टांगतात. मीठ नाही, धूर नाही. जे करायचं ते हवेनं.

आणि ही हवा किती नेमकी लागते! कडाक्याची थंडी पडली, तर माशातल्या पाण्याचा बर्फ होऊन मांस भुसभुशीत होतं. ऊब वाढली, तर माश्या बसतात. मधल्या त्या चार-दोन अंशांवर शेकडो वर्षं या बेटांची चूल पेटली आहे. म्हणून हिवाळे बदलू लागले की इथं ती नुसती हवामानाची बातमी राहत नाही. पोटाचा प्रश्न होतो.

मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. तोवर मांडव रिकामे झालेले असतात. पाच किलोचा मासा जेमतेम किलोभर उरलेला, लाकडासारखा टणक. गोदामात पारखी एकेक मासा उचलतो, बोटानं दाबतो, नाकाशी नेतो. कुठल्या माशाला हिमाचा तडाखा बसला, कुठल्याला पावसाची ओल लागली, ते त्याला तिथल्या तिथं कळतं.