मायक्रोफोन बिघडला नव्हता

मित्रहो,

हुकूमशहांच्या व्यक्तिपूजेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. चौकाचौकांतल्या आपल्या तसबिरी, शाळकरी मुलांनी गायलेली आपली स्तोत्रे, रोज वर्तमानपत्रात छापून येणारी आपली थोरवी हे सगळे त्या माणसाला स्वतःला खरे वाटत असते, की तो मनातल्या मनात हसत असतो? जगभरच्या हुकूमशहांची यादी वाचून या प्रश्नाला हात घालता येत नाही असे माझे मत आहे, म्हणून आज मी प्रामुख्याने एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. तो माणूस म्हणजे रुमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाए चाउशेस्कू. त्याच्या बाबतीत या प्रश्नाची परीक्षा दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर झाली आणि तिचे चित्रण आजही पाहता येते.

२१ डिसेंबर १९८९ रोजी बुखारेस्टमध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या इमारतीसमोर त्याने प्रचंड सभा बोलावली होती. कारखान्यांतून कामगार आणले होते, हातात फलक आणि तसबिरी दिल्या होत्या, घोषणा ठरलेल्या होत्या. भाषण सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तोच गर्दीच्या मागच्या बाजूने ओरडा ऐकू येऊ लागला. चाउशेस्कू थांबला, त्याने उजवा हात उंचावला आणि मग मायक्रोफोनमध्ये 'अलो, अलो' असे पुनःपुन्हा म्हणू लागला. फोन मध्येच बंद पडल्यावर माणूस जसा बोलतो तसा तो बोलत होता. थेट प्रक्षेपण काही मिनिटे तोडण्यात आले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा तो किमान वेतन २००० ल्येईवरून (ल्येई हे रुमानियाचे चलन) २२०० करण्याचे आश्वासन देत होता. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने तो पळाला आणि २५ डिसेंबरला तर्गोविश्ते येथे त्याला व त्याची पत्नी एलेना हिला गोळ्या घालण्यात आल्या.

मला त्या 'अलो' या शब्दाने फार दिवस छळले आहे. जवळजवळ पंचवीस वर्षे सत्तेवर राहिलेल्या, तुरुंग आणि कारस्थाने दोन्ही अनुभवलेल्या या राजकारण्याला समोरचा आवाज कशाचा आहे हे कळू नये, आणि आधी मायक्रोफोनवर संशय यावा, हे कसे घडले असेल?

तो जन्मतः भाबडा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. १९६५ साली तो पक्षप्रमुख झाला, आणि पुढे आधीचा नेता गेओर्गिऊ-देज याच्या राजवटीतल्या अन्यायांची जाहीर चिरफाड त्यानेच केली. १९५४ मध्ये गोळ्या घालून मारलेल्या पत्रश्कानू या नेत्याला एप्रिल १९६८ मध्ये त्यानेच निर्दोष ठरवले, आणि त्या निमित्ताने आपला एक प्रतिस्पर्धीही दूर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या, तेव्हा त्याने बुखारेस्टच्या याच चौकात त्या आक्रमणाचा निषेध केला. त्या दिवशी चौकात जमलेल्यांपैकी बहुतेकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ या खऱ्या टाळ्यांत आहे असे मला वाटते. ज्याने एकदा खरा जयजयकार ऐकला आहे, त्याला नंतरचा बनावट जयजयकार त्याचाच प्रतिध्वनी वाटणे अगदी सोपे असते.

१९७१ च्या जूनमध्ये तो चीन आणि उत्तर कोरियाला जाऊन आला. तिथल्या कवायती, समूहगान आणि नेत्याभोवतीची आराधना पाहून तो भारावला, आणि परतल्यावर जुलैमध्येच त्याने संस्कृती व विचार यांना पक्षाच्या दावणीला बांधणारे प्रस्ताव मांडले. १९७४ मध्ये त्याच्यासाठी राष्ट्राध्यक्षपद निर्माण झाले आणि शपथविधीला त्याच्या हाती राजदंड देण्यात आला. कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्षाच्या हातातला हा राजदंड पाहून चित्रकार साल्वादोर दाली याने अभिनंदनाची तार केली. ती उघड उघड थट्टा होती, तरीही पक्षाच्या 'स्किन्तेया' या मुखपत्राने ती गंभीरपणे छापली. संपादकाला थट्टा कळली नसेल, किंवा कळूनही ती रोखण्याची जबाबदारी त्याला घ्यायची नसेल. व्यक्तिपूजेच्या राज्यात या दोन्हींचा परिणाम एकच होतो. पुढे त्याला 'कार्पेथियन पर्वतांचा प्रतिभावंत' म्हटले जाऊ लागले, दर जानेवारीत वाढदिवसाला स्तुतीचे जाडजूड ग्रंथ निघू लागले, आणि १९८० मध्ये बुरेबिस्ता या प्राचीन डेशियन (आजच्या रुमानियाच्या भूमीवरचे प्राचीन लोक) राजाच्या राज्याची २०५० वर्षे साजरी झाली, जेणेकरून त्या राजापासून थेट चाउशेस्कूपर्यंत रेघ ओढता यावी.

लोक हसत होतेच. त्याच्या अधिकृत छायाचित्रात चेहरा किंचित वळलेला असल्यामुळे एकच कान दिसे, आणि रुमानियन भाषेत 'एका कानाचा' म्हणजे डोके फिरलेला. पुढे दोन्ही कान दिसणारे छायाचित्र लावले गेले. म्हणजे विनोद वरपर्यंत पोचत होते! आपली यंत्रणा आपल्याला काहीच कळू देत नाही, असा हुकूमशहांचा बचाव बरेचदा केला जातो, तो इथे टिकत नाही.

मग त्याच्यापर्यंत काय पोचत होते? परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी ऐंशीच्या दशकात अन्नधान्य निर्यात होत होते आणि देशात रेशनच्या रांगा लागत होत्या. हिवाळ्यात घरे गारठलेली असत आणि दूरचित्रवाणीचा कार्यक्रम दिवसाला दोन तासांवर आला होता. रुमानियन माणूस गरजेपेक्षा जास्त खातो, असा शोध लावून १९८२ मध्ये शास्त्रशुद्ध आहाराचा सरकारी कार्यक्रमही आखला गेला. चाउशेस्कू पाहणीला जाई त्या दुकानात आधी माल भरला जाई आणि ताफा गेल्यावर काढून नेला जाई. १९८९ मध्ये धान्याचे पीक ६ कोटी टन झाल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात ते त्याच्या एक तृतीयांशाइतकेही नव्हते. गावातल्या अधिकाऱ्याने थोडा फुगवलेला आकडा जिल्ह्यात आणखी फुगे आणि राजधानीत पोचेपर्यंत त्याला कुणी टाचणी लावत नसे. राजा बोले, दळ हाले असे आपण म्हणतो, पण इथे दळ फक्त हालत नव्हते, ते राजाला आकडेही पुरवत होते.

परंतु विरोधी वार्ता आलीच नाही, असे मात्र नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये पक्षाच्या बाराव्या अधिवेशनात पर्वुलेस्कू नावाचा ८४ वर्षांचा संस्थापक पिढीतला नेता उभा राहिला आणि चाउशेस्कू देशापेक्षा स्वतःला मोठे मानतो असे त्याच्या तोंडावर बोलला. सभागृहाने घोषणांच्या गदारोळात त्याला दाबून टाकले. १५ नोव्हेंबर १९८७ रोजी ब्राशोवच्या कामगारांनी पक्षाच्या कार्यालयात घुसून तसबिरी फोडल्या. त्यांना गुंड ठरवून पांगवण्यात आले. डिसेंबर १९८९ मध्ये टिमिश्वारा शहराचे लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा गोळीबाराला कचरल्याबद्दल चाउशेस्कूने १७ तारखेच्या बैठकीत आपल्या मंत्र्यांना व सेनापतींना झापले. दुसऱ्या दिवशी तो इराणच्या दौऱ्यावर निघून गेला, आणि परतल्यावर २० तारखेच्या भाषणात सगळा दोष गुंडांवर व परकीय हेरखात्यांवर टाकला.

माझे म्हणणे इथे येते. व्यक्तिपूजा शासकाच्या कानात बोळे घालत नाही; ती त्याच्या हाती एक फडताळ देते आणि त्यात विरोधी बातम्यांसाठी एकच खण असतो, ज्यावर 'गुंड आणि परकीय हस्तक' अशी चिठ्ठी असते. गुप्त पोलिसांचे प्रचंड जाळे आणि जनता आपल्यावर प्रेम करते हा विश्वास या दोन गोष्टी एका डोक्यात गुण्यागोविंदाने नांदू शकतात, त्या यामुळेच. त्याला प्रत्येक माणसाचा संशय होता आणि तरी 'जनता' या शब्दावर त्याची श्रद्धा होती. स्टालिनचा प्रकार मला थोडा वेगळा वाटतो. त्याच्यानंतर सोव्हिएत नेता झालेल्या ख्रुश्चेवने १९५६ च्या गुप्त भाषणात सांगितले की, स्टालिनने आपल्याच चरित्राचा मजकूर तपासताना त्यात आपण गर्व वा आत्मस्तुती यांपासून मुक्त आहोत अशा अर्थाचे वाक्य स्वतःच्या हाताने घातले. हा मूर्तिकाराचा थंडपणा आहे. चाउशेस्कू मूर्तिकार म्हणून सुरू झाला आणि शेवटी आपणच पहिला पुजारी झाला.

माझ्या मते याचा सर्वांत ठोस पुरावा कुठल्या डायरीत नाही, २१ डिसेंबरच्या सभेत आहे. चार दिवसांपूर्वी एका शहरात रक्त सांडलेले असताना, ज्याला आपला जयजयकार खोटा असल्याची आतून खात्री आहे असा माणूस राजधानीतले हजारो लोक आपणहून सज्जाखाली गोळा करीत नाही. तो रस्ते बंद करतो आणि लोकांना घरीच ठेवतो. याने मात्र १९६८ चा चौक पुन्हा भरवला.

गोळ्या घालण्याआधी त्याच्यावर चाललेल्या खटल्यातही हेच दिसले. तो खटला न्यायाचा नमुना नव्हता, आणि आरोपपत्रातला ६० हजार बळींचा आकडा निखालस खोटा होता. क्रांतीत सगळे मिळून मेलेले सुमारे अकराशे होते. तिथे चाउशेस्कू पुन्हा परकीय कटाबद्दल बोलला. शेतमजुराला प्रथमच माणशी २०० किलो गहू मिळत असल्याचेही त्याने सांगितले. वरचे छत कोसळत असताना स्वतःच्याच प्रसिद्धिपत्रकातले आकडे म्हणणारा माणूस नाटक करत होता असे मला वाटत नाही, कारण त्या लहानशा खोलीत ते कुणाला पटणार नव्हते. इतर प्रश्नांना मात्र त्याचे एकच उत्तर होते: मी फक्त महान राष्ट्रीय सभेपुढे (म्हणजे संसदेपुढे) जबाब देईन. कायदेपंडित त्याला न्यायकक्षेचा आक्षेप म्हणतील, आणि तो होताही. पण राष्ट्रीय सभा म्हणजे त्याचे भाषण संपताच एकसाथ उठून टाळ्या वाजवणारे सभागृह होते, आणि तो त्याच सभागृहाची मागणी करत होता.