पटकीचं विष दाराबाहेर कसं पडतं

कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणायचे. समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी किती जणांनी हा शब्द ऐकलाय कोण जाणे, पण गावाच्या वेशीवरची मरीआई पाहिली असेल. तिचा गाडा हद्दीबाहेर नेऊन सोडायचे तो याच धास्तीनं. आज मात्र रोगापेक्षा मी एका दाराबद्दल बोलणार आहे. एवढंसं दार, पण त्यातून विष बाहेर पडलं नसतं तर पटकीची एवढी धास्ती कुणी घेतलीच नसती.

1884 साली रॉबर्ट कॉख कलकत्त्यात पटकीचे जंतू तपासत होते. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा त्यांचा कयास होता. पुढं कित्येक वर्षं लोकांनी ते विष शोधलं. जंतू फोडले, वाटले, त्यांच्या आत धुंडाळलं. हाती काही लागेना. मग 1959 साली कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी साधी गोष्ट केली. जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो द्रव गाळून घेतला. आता त्यात एकही जंतू नाही. सशाच्या लहान आतड्याचा छोटा भाग दोन्हीकडून दोऱ्यानं बांधला आणि त्यात हा गाळलेला द्रव टोचला. आतडं पाण्यानं टरारून फुगलं! विष जंतूच्या पोटात नव्हतंच, ते त्यानं केव्हाच बाहेर टाकलं होतं. 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात हा लेख आला. पुढं जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेल विजेत्यानं नोबेलसाठी डे यांचं नाव एकाहून अधिक वेळा सुचवलं. 1985 साली डे गेले, आणि आजही आपल्या किती पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव सापडतं ते तुम्हीच बघा. असो.

विष बाहेर होतं हे कळलं. पण ते बाहेर आलं कसं?

पटकीच्या जंतूला एक नाही, दोन आवरणं असतात. आतलं पटल, मग एक अरुंद मोकळी जागा, मग बाहेरचं पटल. वाड्याची उपमा घेऊ. आत माजघर, मध्ये चौक, बाहेर तटाची भिंत. भिंतीला बारीक झरोके आहेत, पण त्यातून साधारण 600 डाल्टनपर्यंतचे रेणू जातात. डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप. साखर जाईल, मीठ जाईल. विषाचा रेणू आहे सुमारे 85,000 डाल्टनचा. झरोक्यातून हत्ती काढण्यातला प्रकार.

आता गंमत ऐका. हे विष सहा तुकड्यांचं असतं. 'बी' नावाचे पाच एकसारखे तुकडे गोल कडं करून बसतात आणि त्यावर एक 'ए' तुकडा. आतड्याच्या पेशीला चिकटायचं काम कड्याचं, आत शिरून घात करायचं काम 'ए'चं. मग पेशी क्षार आणि पाणी बाहेर ओतत सुटते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, वाईट अवस्थेतल्या रोग्याचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. तर हे सहा तुकडे माजघरातून चौकात येतात ते सुटे, उलगडलेल्या दोऱ्यासारखे. प्रत्येकाच्या टोकाला एक छोटी खूणचिठ्ठी असते, ती पाहून आतलं दार उघडतं, आणि पलीकडे गेल्यावर चिठ्ठी कापली जाते.

इथवर ठीक. जिन्यावरून कपाट उतरवताना आपणही ते सुटं करतो. पण जंतू पुढं काय करतो? चौकातच कपाट पुन्हा जोडतो! दोरे घडी घेतात, गंधकाचे बंध पडतात, पाच अधिक एक अशी जुळणी पुरी होते. हिर्स्ट आणि होल्मग्रेन यांनी 1987 साली दाखवलं की विष तयार होऊन चौकात थोडा वेळ थांबतं आणि मग बाहेर पडतं. म्हणजे अख्खं जोडलेलं कपाट तटाबाहेर काढायचं. मला विचाराल तर यात शहाणपण आहे. सुटे तुकडे आतड्याच्या महापुरात सोडले असते तर पाच आणि एक पुन्हा भेटले कधी असते?

त्यासाठी तटाला एक मोठं दार आहे. एकसारखी प्रथिनं गोलाकार उभी राहून नळकांडं बनतं, आत एक झडप. विषाचं ते पाच तुकड्यांचं कडं साधारण 6 नॅनोमीटर रुंद, आणि त्या नळकांड्याचं तोंडही जवळपास तेवढंच. पण दार ढकलायला जोर हवा, आणि चौकात इंधन नाही. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन. ते सगळं माजघरात. म्हणून यंत्राची मोटर आत, दार बाहेर, आणि मधल्या चौकात एक दट्ट्या. मोटर फिरली की दट्ट्याचे तुकडे एकावर एक रचले जातात, तो लांबत जातो आणि विषाला दाराबाहेर रेटतो, असं आज मानलं जातं. सायकलच्या पंपासारखं. याला टाइप टू यंत्रणा म्हणतात. दारानं विषाला नेमकं ओळखावं कसं, हे कोडं मात्र संशोधकांना अजून पुरतं सुटलेलं नाही. खूणचिठ्ठी तर आतल्या दारापाशीच कापली गेली ना!

एक शेवटची गोष्ट सांगतो आणि प्रश्नांकडे वळू. या विषाची जनुकं मुळात जंतूची नाहीतच. 1996 साली वाल्डोर आणि मेकॅलॅनोस यांनी दाखवलं की ती एका विषाणूबरोबर जंतूत आली. दोऱ्यासारखा लांबट विषाणू, जंतूत मुक्काम करतो आणि त्याला न मारता बाहेर पडतो. याच्या जातीचे दुसरे विषाणू बाहेर पडायला स्वतःचं दार सोबत आणतात. यानं आणलेलं नाही. मग हा बाहेर कुठून पडतो? तर विष ज्या दारातून जातं, त्याच दारातून.

हं, मागच्या रांगेतून हात वर होता, विचारा.