दुकानाचा किराया आणि अपिलाचे तीस दिवस

श्रोतेहो, नमस्कार. दुकान खाली करून देण्याचा हुकूमनामा दिवाणी न्यायालयाने दिला, तर किरायेदाराने पुढे काय करावे, याविषयी आज बोलायचे आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आहे. त्याआधी आपल्या विदर्भात १९४९ चा सी. पी. अँड बेरार, म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा, भाडे नियंत्रण आदेश चालत असे आणि मालकाला आधी भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. आता मालक थेट दिवाणी न्यायाधीशांकडे दावा लावतो आणि त्या निकालावरचे अपील तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात करावे लागते. पुन्हा सांगतो, तीस दिवस. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, पण नकलेचा अर्ज लगेच द्यावा. ज्या लहान गावांना हा कायदा लागू नाही, तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे दावा चालतो. आपले गाव कशात येते, हे वकिलांना पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळ, एका गृहस्थांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. काही महिन्यांचा किराया थकला आणि मालकाची नोटीस आली. नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी चुकती केली, तर त्या कारणावरून दावा लावता येत नाही. या गृहस्थांनी सोयऱ्यांकडून उसने घेऊन सगळी रक्कम मनीऑर्डरने पाठवली, पण मालकाने ती घेतली नाही आणि पुढे दावा लावताना एक पैसाही मिळाला नसल्याचे लिहिले. परत आलेल्या मनीऑर्डरीचा कागद त्यांच्या पत्नीने कोठीघरातल्या डाळीच्या डब्यात, वर फडके घालून, जपून ठेवला होता. त्या माउलीला अक्षरओळख बेताचीच होती, तरी टपालाचा शिक्का असलेला कागद फेकायचा नाही, एवढे तिने ठरवले होते. तो कागद न्यायालयात दाखल झाला, त्यावर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडली, आणि निवृत्त झालेल्या पोस्टमनने पेशीला येऊन शपथेवर सांगितले की, मी स्वतः पैसे घेऊन गेलो होतो आणि मालकांनी घेण्यास नकार दिला. खेड्यापाड्यांत घरोघरी पैसे पोचवणाऱ्या या माणसांना साक्षीला बोलावल्यावर बसायला सावली आणि प्यायला पाणी तरी मिळावे, असे मला मनापासून वाटते. इतके होऊनही निकालात त्या कागदाचा किंवा साक्षीचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता आणि दुकान खाली करण्याचा हुकूम झाला. अपिलात जिल्हा न्यायाधीशांनी मूळ अभिलेख मागवून त्या निशाणीचा कागद काढून पाहिला, मागचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा वाचला, त्यावरची तारीख नव्वद दिवसांच्या आतली आहे, हे पाहिले आणि हुकूमनामा रद्द केला.

पहिल्या अपिलात घटना आणि कायदा दोन्ही नव्याने तपासता येतात, म्हणून हे शक्य झाले. मात्र तपासणी मुख्यतः दाखल झालेल्या कागदांचीच होते. नवा पुरावा अपिलात मोजक्याच कारणांनी घेतला जातो. म्हणून पावती, मनीऑर्डर, बँकेचा उतारा, जे असेल ते खालच्या न्यायालयातच दाखल करा. किरायाची पावती मागणे हा किरायेदाराचा हक्क आहे आणि ती मागितल्याने जुना घरोबा तुटतो, असे मी मानत नाही. किरायापत्राची नोंदणी करवून घेणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, हे मालक श्रोत्यांनीही ध्यानात घ्यावे.

अपील दाखल झाले म्हणजे ताबा देणे आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि स्थगिती देताना न्यायालय दरमहा रक्कम जमा करण्याची अट घालू शकते. ती रक्कम जुन्या किरायापेक्षा जास्तही असू शकते. जिल्हा न्यायालयाच्या निकालावर पुन्हा अपील नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागता येते, परंतु तिथे साक्षीपुरावा सहसा नव्याने तोलला जात नाही.