गोखले पुलाची वही

नमस्कार मंडळी. ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांनी पुढे सतरंजीवर यावं, पंखा तिथेच चांगला लागतो. विषय फळ्यावर लिहिलाय, 'पुलाची वही'. तिकडे येतेच. पण समोर बहुतेक अंधेरीकरच दिसतात, तेव्हा ७ नोव्हेंबर २०२२ ही तारीख मी वेगळी सांगायला नको. त्या दिवशी आपला गोखले पूल बंद झाला, रुळांवरून अंधेरीची पूर्व आणि पश्चिम जोडणारा.

माझी थोरली बहीण पश्चिमेला राहते, मी पूर्वेला. पूल होता तेव्हा रिक्षात बसून पर्समधले सुटे पैसे मोजेपर्यंत तिचं घर यायचं. पूल बंद झाल्यावरच्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तोंडाला चव नव्हती. तांदळाची पेज तेवढी घशाखाली उतरायची, आणि तीही माझ्या हातची हवी. मी फिरकीच्या तांब्यात पेज भरली, वर पंचा गुंडाळला, पिशवीत मेतकुटाची बाटली टाकली आणि निघाले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, सबवेत पाणी भरलंय. पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावरून जाऊ, नाहीतर पार जोगेश्वरी." पार्ल्याकडे वळलो, तर सगळी अंधेरी तिकडेच वळलेली. तांब्या मांडीवर होता. आधी चटका बसत होता, मग नुसती ऊब लागायला लागली, मग तीही गेली. शेवटी उतरले, उलटी चालत स्टेशनवर आले, जिना चढले. पादचारी पुलावरच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि फिरकी सैल झाली. ताईच्या दारात उभी राहिले तेव्हा अर्धी पेज पिशवीत होती. ती म्हणाली, "राहू दे गं, आहे तेवढी पुरे." रागावली असती तर बरं झालं असतं.

असं काही कुणाकुणाचं झालं, हात वर करा बघू. मागच्या रांगेत एकांनी दोन्ही हात वर केलेत, ते जातानाही जोगेश्वरीवरून गेले असणार आणि येतानाही.

आता पुलाच्या नावाबद्दल. गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की आपण 'नामदार' म्हणतो आणि पुढे जातो. हा माणूस आकड्यांचा होता. फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणित शिकवलं, त्यांच्या अंकगणितावर महाराष्ट्रातल्या किती पिढ्या शाळा शिकल्या. १९०२ साली अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिलं की तिजोरीतली शिल्लक ही लोकांच्या सुबत्तेची खूण नव्हे. त्यांच्या नावाच्या पुलाचा हिशेब कुणी ठेवू नये, हे मला सहन होत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगते.

३ जुलै २०१८ च्या सकाळी या पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला. मोटरमन सावंतांनी वेळेत ब्रेक मारला म्हणून लोकल वाचली, पण जखमींपैकी दोघं गेले. पूल १९७५ चा. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या, गंजलेलं लोखंड आणि पदपथावर साठत गेलेलं ओझं, केबली आणि पेव्हर ब्लॉक. ते ओझं एका रात्रीत आलं नव्हतं. ज्याने केबल टाकली त्याने आपलं काम केलं, ज्याने ब्लॉक बसवले त्यानेही केलं. बेरीज कुणीच केली नाही.

पुलाचा रुळांवरचा भाग रेल्वेच्या हद्दीतला, दोन्हीकडचे उतार महापालिकेचे. जुना पाडून नवा बांधला, २६ फेब्रुवारी २०२४ ला त्याची एक बाजू उघडली, तेव्हा रुळांवर जास्त उंची ठेवायची म्हणून नवा पूल वर गेला होता आणि त्याला पश्चिमेकडून येऊन मिळणारा बर्फीवाला पूल खाली राहिला होता. दोन्हींत सुमारे दीड मीटरचं अंतर. मग व्हीजेटीआय आणि आयआयटी या अभियांत्रिकी संस्थांचा सल्ला, मग जॅक लावून बर्फीवाला पूल इंचाइंचाने वर उचलणं. ४ जुलै २०२४ ला दोन्ही जुळले. उचलणाऱ्या कारागिरांना माझा नमस्कार, फार अवघड काम त्यांनी केलं. पण दोन्ही पुलांची उंची एकाच वहीच्या एकाच पानावर असती तर ही वेळ आली असती का?

माझी मागणी एवढीच. प्रत्येक पुलाची एक वही, हद्द कुणाचीही असो. चढलेलं प्रत्येक ओझं त्यात, प्रत्येक तपासणी त्यात, खाली सही. आणि वहीतल्या दोन तारखा पुलावर पाटी करून लावायच्या, शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी. मे २०२५ ला पूल पूर्ण खुला झाला, उद्घाटनाची तारीख पेपरात आली. मला या दोन तारखा हव्यात.

हो, हो, थांबतेच. अर्जाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, जाताना वाचून सही करा. पाटीची जागा मी बघून ठेवलीय. पूर्वेकडून चढताना डाव्या हाताचा दिव्याचा खांब. रिक्षात बसलेल्याला वाचता येईल इतक्या उंचीवर.